अमृताचा पहारा

संभाजीनगरच्या गारखेड्यात अमृताला तिच्या नावानं कुणी हाक मारत असेल तर शपथ. समोरच्या घरातल्या आशाबाईंनी तिला एकदा "देवाची मिस्त्री" म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की कुरिअरवालासुद्धा खालून "मिस्त्री मॅडम हैं क्या?" म्हणून ओरडायला लागला. तिनं कधी मनावर घेतलं नाही. नाव काही खोटं नव्हतं. देवस्थानांचे ट्रस्ट, जालन्याच्या चर्चचं मुलींचं वसतिगृह, दर्ग्याच्या कमिटीचं डोळ्यांचं शिबिर, विहारातली अभ्यासिका, अशा सगळ्यांची सॉफ्टवेअरं ती गच्चीवरच्या खोलीत बसून एकटीच बनवायची. पुण्याच्या कंपनीत होती तेव्हा लोकांनी एक बटण जास्त वेळा दाबावं म्हणून त्या बटणाचा रंग बदलत बसायचं काम होतं. इथं बटण दाबलं की कुणाच्या तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरायची. ती खूश होती. आता खूश माणसाला कशाला कुणी समजावत बसावं? पण लोक बसतात.

तिचे वडील आप्पासाहेब त्यातले नव्हते. मूळचे वैजापूर तालुक्यातले शेतकरी, उभी हयात बजाजनगरात राहून वाळूजच्या कारखान्यात काढलेली, आता निवृत्त. त्यांना फक्त चेष्टेला कुणीतरी लागायचं.

"फुल-स्टॅक फुल-स्टॅक म्हणतीस, म्हणजे नेमकं काय गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"म्हणजे आप्पा, लोकांना मोबाइलवर दिसतं ते पण मीच करते आणि मागं जे चालतं ते पण मीच."

"असं व्हय. म्हणजे कीर्तनकारबी तूच, टाळकरीबी तूच, अन् शेवटाला सतरंज्या गोळा करणारीबी तूच."

अमृताला हसू आवरेना. इतकं सोपं करून तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

तर या मिस्त्रीबाईंकडे दिवाळीनंतर माळवाघळीचं काम आलं. वैजापूर रस्त्यावरून आत गेलं की हे गाव लागतं. दत्तजयंतीला तिथं मोठा सप्ता होतो. सप्ता म्हणजे सात दिवस अखंड नाम, आणि त्या नामाची खूण म्हणजे वीणा. पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडते आणि सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या, तास तास वाटून. त्या तासाला पहारा म्हणायचं. माळवाघळीत पहारा उभ्यानंच करायचा, आणि वीणा गळ्यात असेपर्यंत तोंडातून 'राम कृष्ण हरी' सोडून दुसरा शब्द काढायचा नाही. रात्रीचे पहारे पुरुषांचे, दिवसाचे बायकांचे.

आजवर हे पहारे देवळातल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. पण निम्मं गाव आता बजाजनगरात नाहीतर संभाजीनगरात राहायला. फळा बघायला कोण येतं? ट्रस्टचे सचिव सर्जेराव म्हणाले, "ताई, पोरांच्या खिशातच फळा देता येतो का बघा."

अमृतानं दिला. मोबाइलवर सात दिवसांचे सगळे पहारे दिसत. रिकामा पहारा तांबडा, भरलेला हिरवा. आपला पहारा यायच्या आधी फोनवर निरोप जायचा, कोणाकडून घ्यायचा आणि कोणाला द्यायचा तेही त्यात. सर्जेरावांनी आणखी एक ओळ घालून घेतली, कारण मागच्या साली पोरांनी वीणा हातोहात फिरवून फोटो काढले होते. ओळ अशी: 'वीणा फक्त पुढच्या पहारेकऱ्याच्याच हाती द्यावी.' अमृतानं ती ठळक अक्षरात टाकली. लई आवडली होती तिला ती ओळ.

मदतीसाठी म्हणून तिनं ॲपवर स्वतःचा नंबर दिला होता. त्यावर एका दुपारी फोन आला.

"पहारं वाटणारी बाई तूच का गं माय?"

"वाटत नाही आजी, मी नुसतं मोबाइलवर..."

"मला एक दे."

ही भामाबाई. धनगराची बाई. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे सगळी बिऱ्हाडं, कळप घेऊन खाली गोदाकाठाला उतरायचा आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचा. सप्ता नेमका मधल्या महिन्यांत. गावची असून गावचा सप्ता बाईनं कधी डोळ्यानं पाहिला नव्हता. औंदा गुडघ्यांनी जवाब दिला, लेकानं तिला गावातच ठेवलं, आणि तिनं सून रूपाच्या मोबाइलवरून पहिला फोन लावला तो हा.

अमृतानं सर्जेरावांना कळवलं, तर ते तयार होईनात.

"ताई, म्हातारीचं मन मोडावं असं नाय मला वाटत. पण तिला न्हाणीपतुर जायला भिंत धरावी लागती. पहाऱ्यात पाय गेलं, वीणा खाली टेकली, म्हंजी सप्ता मोडला. माझ्या आज्यापासून मोडला नाय तो. माझ्या हातून मोडायचा का?"

"काका, एकच तास. दुपारी बाराचा. मंडपात उन्हाचा त्रास नाही, थंडीचा नाही. ठीक एकला दुसरी बाई तिच्यासमोर उभी असेल. माझ्यावर सोडा."

सर्जेराव म्हणाले, "तुमच्या भरवशावर घेतो बरं का."

म्हणजे बघा, त्या एका तासात म्हातारीची जन्माची इच्छा होती, सर्जेरावांच्या तीन पिढ्यांची अब्रू होती आणि अमृताचा शब्द होता. इतकं असल्यावर माणसानं डोळ्यांत तेल घालून बघावं की नाही? अमृतानं बघितलंही. भामाबाईच्या पुढचा एकचा पहारा तांबडाच होता. जेवणाच्या वेळचा पहारा, कोण घेतंय! तेवढ्यात तिला शंका आली की रिकामा पहारा ऐनवेळी भरला तर भामाबाईच्या निरोपात पुढचं नाव नीट येतं की नाही. म्हणून नाव भरून बघायचं ठरवलं. असल्या चाचणीला लोक काहीबाही अक्षरं बडवतात. अमृतानं आपलं स्वतःचंच नाव टाकलं आणि नंबर खोटा दिला, नऊवर नऊ. तांबडा चौकोन हिरवा झाला. छान. आता हे पुसायचं, एवढ्यात जालन्याहून वसतिगृहाच्या सिस्टरांचा फोन आला. मुलींची हजेरी सगळी गायब झाली होती. सिस्टर रडवेल्या. अमृता त्या हजेरीमागं लागली ती रात्रीच्या जेवणालाच उठली, आणि ते नाव तिथंच राहिलं. चांगल्या कामाच्या घाईत अशी चूक होते आणि मग तिला दोषही नीट देता येत नाही.

सप्ता बसला. अमृता रोज सकाळी चहा घेताना सगळे चौकोन बघायची. हिरवंगार. एकचा पहारासुद्धा हिरवा. तिला वाटलं सर्जेरावांनी कुणाला तरी पटवलं, आणि नाव बघायला त्यावर तिनं बोटही टेकवलं नाही. तिकडं सर्जेरावांनी 'अमृता' वाचलं आणि मनाशी म्हणाले, असंल कुणाची तरी नवी सून. दोघंही एकमेकांच्या भरवशावर निवांत.

पाचव्या दिवशी दुपारी आप्पासाहेब गच्चीवर मेथी निवडत बसले होते आणि अमृता दर्ग्याच्या शिबिराची नावनोंदणी तपासत होती. सव्वादोनच्या सुमाराला फोन वाजला.

"ताई, लई घोळ झालाय." सर्जेरावांचा आवाज खाली आला होता. "म्हातारी वीणा देईना."

"देईना म्हणजे? एकला पुढची बाई आली नाही का?"

"कुठली यायला? आम्ही समदे पंगतीत वाढायला. दोनचा पहारा आपल्या अंगणवाडीच्या सत्यशीलाचा. ती गेली तर म्हातारी अजून उभीच. सत्यशीलानं हात पुढं केलं तर मुंडी हलवती, नाय म्हणती. बोलायचं तर नाय ना तिला. सुनंनं तिला सकाळी निरोप वाचून दाखवलाय, की अमृताच्याच हाती द्यायची. आता ही अमृता कोण लावली तुम्ही? आख्खं गाव पालथं घातलं, एक अमृता घावली नाय."

अमृताला ती चाचणी आठवली.

"काका..."

"बोला की."

"अमृता माझंच नाव आहे."

सर्जेरावांच्या मोबाइलात ती 'ॲपवाल्या ताई' म्हणून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

तिनं घाईघाईनं लॅपटॉप ओढला, आपलं नाव पुसलं, तिथं सत्यशीलाचं टाकलं. चौकोन पुन्हा हिरवा. पडद्यावर सगळं जागच्या जागी. पण भामाबाई काही पडदा बघत नव्हती.

"काका, फोन त्यांच्या कानाला लावा." सर्जेरावांनी लावला. "आजी, मी अमृता बोलतेय. माझी चूक झाली. माझ्या वतीनं सत्यशीलाताईंना द्या वीणा. ऐकताय ना?"

वीणेची तार ऐकू आली. एकच तार, सावकाश. मग म्हातारीचा खरखरीत आवाज, "राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी."

सर्जेराव परत फोनवर आले. "मुंडी हलवती. बरोबरच हाय म्हणा तिचं. फोनातल्या आवाजाच्या गळ्यात वीणा घालणार कशी? ताई, तिचं पाय लटलट कापायलेत. दोन बाया दोन बाजूला उभ्या केल्यात, पण ती अंगाला हात लावू देईना. तुम्ही काय ते बघा."

आप्पासाहेबांनी मेथीची पेंढी बाजूला ठेवली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उंटावरनं शेळ्या हाकल्या का न्हाई, असं होतंय," ते म्हणाले. मग मुलीचा चेहरा बघितला आणि चेष्टा तिथंच टाकली. "चल. गाडी काढतो मी. तू माघं बस."

बाबा पेट्रोल पंप, छावणी, मग वाळूजची गर्दी. बजाजनगरच्या फाट्याला कंपनीच्या बसनं वाट अडवली, तर आप्पासाहेबांनी तिशीतल्या पोरासारखी गाडी कडेच्या मातीतून काढली. एरवी तिला सावकाश चालव म्हणून बोलणारा माणूस! अमृता मागं बसून एकच गोष्ट मनात घोकत होती. उभी राहा आजी. थोडा वेळ उभी राहा. तिला रडू येत होतं, आणि स्वतःचा राग तर इतका येत होता की बोलायची सोय नाही. स्वतःच्याच नावापायी एका म्हातारीला उभ्या उभ्या मारायला निघालो आपण, असं तिला वाटलं. सप्ता मोडला तर सर्जेराव काही बोलणार नाहीत, तसा माणूस नव्हता तो. पण भामाबाई? जन्मात एकदा वीणा मिळाली आणि तीच हिच्या हातून पडली, असं गाव म्हणत राहिलं असतं. म्हातारी गेल्यावरसुद्धा म्हणत राहिलं असतं.

दोन्ही बाजूला कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या. तिला त्यातलं काही दिसलं नाही.

माळवाघळीच्या देवळापुढं मंडप होता आणि मंडपात ही गर्दी. जेवून निजलेली माणसंसुद्धा उठून आली होती. अमृता उतरली, चपला कुठं पडल्या कुठं नाही, मोबाइल आप्पासाहेबांच्या हातात कोंबला. नळावर हातपाय धुतले. सर्जेराव पुढं झाले, "सरका, सरका, अमृता आली!" आणि गर्दी बाजूला झाली. एवढ्या लोकांनी तिला तिच्या नावानं एकदम ओळखावं, असं पहिल्यांदाच झालं.

भामाबाई मधोमध उभी होती. लहानखुरी, काळीसावळी, हिरव्या लुगड्याची. वीणा तिच्यापेक्षा उंच वाटत होती. पाय थरथरत होते हे खरं. पण चेहरा! वाटेत अमृतानं शंभर चेहरे मनात रंगवले होते, रडवेला, चिडलेला, घामानं भिजलेला. त्यातला हा एकही नव्हता. लग्नघरातल्या आईचा असतो तसा होता. दमलेला आणि भरलेला.

"आजी, मी अमृता," ती म्हणाली.

भामाबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. एकदा सुनेकडं बघितलं. रूपानं मान डोलवली. मग म्हातारीनं आपली मान वाकवली.

कसं घ्यायचं ते अमृताला माहीत नव्हतं. सगळ्या पहाऱ्यांचा फळा जिनं बनवला, तिनं आयुष्यात वीणेला हात लावला नव्हता. सत्यशीला कानाशी सांगत गेली. आधी पट्टा डोक्यावरून घ्या. आता भोपळा हाताच्या कवेत घ्या. तारेवर बोट. घेतली का? मग तोंडानं म्हणा. अमृतानं म्हटलं. भामाबाईनं वीणा सोडली ती अमृताच्या बोटाखाली तार वाजल्यावरच, आधी नाही.

मग रीतीप्रमाणं देणारीनं घेणारीच्या पाया पडायचं. गुडघे गेलेली बाई, कापणारे पाय, इतक्या वेळची उभी, आणि ती वाकली. "अहो नको, नको," असं अमृताच्या ओठांवर आलं. पण आता तिलाही ते शब्द म्हणता येत नव्हते. "राम कृष्ण हरी," ती म्हणाली, आणि वीणा सांभाळत स्वतःही वाकली. दोघींची डोकी एकमेकींना लागली. मंडपात कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि इतका वेळ धरलेला श्वास गावानं सोडला.

भामाबाई उठली ती सरळ बायकांच्या हातांत कलंडली. तिला खांबाला टेकवून बसवलं, रूपा पाय चोळायला बसली, कुणी ताकाचा तांब्या आणला. सर्जेराव कमरेवर हात देऊन तिच्यापुढं उभे राहिले.

"काय हे भामाकाकू! गावाचा जीव टांगणीला लावला तुम्ही. सत्यशीलाला दिली असती तर काय बिघडलं असतं?"

म्हातारीनं ताक संपवलं, तोंड पुसलं. आता तिला बोलायची मुभा होती आणि तिनं ती पुरेपूर घेतली.

"सर्ज्या, इरेला पडले असं वाटलं का तुला? त्या मोबाइलात लिवलं व्हतं अमृताच्याच हाती द्यायची. म्हनलं बरंच हाय. पन खरं सांगू का? सत्यशीला आली तवाच मला कळलं का काईतरी चुकलंय. तेवढं काय मला कळत नाय व्हय? पन म्या म्हनलं, एवढ्या सालांत गावानं सप्त्याला मला कवा हाक मारली नाय, म्या बी कवा आले नाय. जल्मभर मेंढरांमागं हाळ्या देत हिंडले, इथं नुसतं उभं राहून देवाचं नाव घ्यायचं, पाय कापंनात का मोडंनात. ही पोरगी येळंवर आली असती तर मला येकच तास घावला असता." ती अमृताकडं वळली. "लई ग्वाड चूक केलीस माय. देव तुझं भलं करो."

अमृताचे डोळे भरून वाहायला लागले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं पुसायचा प्रयत्नही केला नाही. बोटाखाली तार वाजत होती. या आवाजासाठी आपण नुसते तांबडे-हिरवे चौकोन काढत होतो, आणि तो असा छातीला येऊन भिडतो हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं तिला वाटलं. सांगितलं असतं तरी कळलं नसतं म्हणा.

सत्यशीला जवळ आली. तिचा पहारा केव्हाचा उलटून गेला होता, तिला अंगणवाडीत परत जायचं होतं. तरी तिनं हसत दोन्ही हात पुढं केले.

"द्या ताई. दमून आलात तुम्ही. तुमचं काम झालं."

अमृतानं तिच्या हातांकडं बघितलं. मग खांबाशी बसलेल्या भामाबाईकडं बघितलं. म्हातारी मिश्किल नजरेनं तिच्याकडंच बघत होती.

"राम कृष्ण हरी," अमृता म्हणाली आणि तिनं मान हलवली. नाही.

भामाबाई अशी काही हसली की तिला ठसका लागला. सर्जेरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! आता हीबी देईना. सत्यशीला, जा बाई तू, तुझी लेकरं वाट बघत असतील. आता हिचा तास होईस्तवर काय खरं नाय."

मंडपाच्या कडेला आप्पासाहेब हातात लेकीच्या चपला धरून उभे होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं, जालन्याच्या वसतिगृहाच्या सिस्टर. त्यांनी उचलला.

"हां सिस्टर, नमस्कार. मी तिचा बाप बोलतोय... पुन्हा हजेरी गेली का? अरारा... नाय हो, आत्ता तिला देता यायचा नाय फोन." त्यांनी मंडपात बघितलं. लेक डोळे मिटून उभी होती, गळ्यात वीणा, ओठ हलत होते.

"अमृता पहाऱ्यावर हाय. तासाभरानं करा."